निळा रेग्युलेटर, महाग रेग्युलेटर आणि तीन सुतांची नळी

पेट्रोलचा दाब आवरणारा महाग रेग्युलेटर लावूनही गेजचा काटा ५८ पीएसआयच्या खाली उतरेना, तेव्हा बाबा लेथ बंद करून आले, बॉनेटखाली वाकून बघितलं आणि म्हणाले, "पोरी, दार लई भारी बसवलंयस. पण पलीकडं नदी कुठाय?"

ते कशाबद्दल बोलत होते ते पुढं येईलच. आधी गाडी.

२००३ ची मारुती बलेनो, १.६ लिटरचं जी१६बी इंजिन. कंपनीतून निघताना ९४ हॉर्सपॉवर. त्यावर मी छोटा टर्बो बसवला, बूस्ट (म्हणजे टर्बोनं हवेला दिलेला जादा दाब) फक्त अर्धा बार. त्याबरोबर मिनिटाला ४४० सीसी पेट्रोल फवारणारे इंजेक्टर, टाकीत वॉल्ब्रोचा ताशी २५५ लिटरचा पंप आणि वेगळा ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर. गाडी रस्त्यावर नेत नाही, ऑटोक्रॉसला ट्रेलरवरून जाते. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ (गाडीत असे बदल करायला मनाई) ज्यांनी वाचलंय त्यांना कारण सांगायला नको. दिवसा मी शिरोली एमआयडीसीत एका फाउंड्रीत मेंटेनन्स बघते, संध्याकाळी उद्यमनगरातल्या बाबांच्या वर्कशॉपमध्ये असते. (कोल्हापूरची आहे, तोंडानं 'मी आलो, मी गेलो'च म्हणते. इथं बाहेरगावचे लोकही वाचतील म्हणून 'आले, गेले' लिहितेय, सवयीनं कुठं चुकलं तर सोडून द्या.)

रिटर्नवाला रेग्युलेटर काय करतो हे आमच्याकडच्या माणसाला सांगायचं तर राधानगरी पुरे. धरण भरलं की तिथले सात स्वयंचलित दरवाजे पाण्याच्याच दाबानं उघडतात, पातळी उतरली की मिटतात, कुणी बटण दाबत बसत नाही. रेग्युलेटरचं तसंच आहे. पंप अखंड पेट्रोल ढकलत असतो, रेलमध्ये (इंजेक्टरना पेट्रोल वाटणाऱ्या पाइपमध्ये) दाब चढतो, ठरलेल्या आकड्याला पोचला की आतला पडदा स्प्रिंगला मागं रेटतो, भोक उघडतं आणि जादाचं पेट्रोल टाकीत परत जातं. वरचा स्क्रू आवळला की स्प्रिंग दाबली जाते आणि दार उघडायला जास्त जोर लागतो. बस.

टर्बोच्या गाडीत आणखी एक गोष्ट येते. पडद्याच्या स्प्रिंगकडच्या बाजूला मॅनिफोल्डमधून (इंजिनात हवा नेणाऱ्या भागातून) एक बारीक नळी आणलेली असते, तीच व्हॅक्यूमची नळी. मॅनिफोल्डमध्ये अर्धा बार बूस्ट आला की तोच अर्धा बार पडद्यावर बसतो आणि रेलचा दाब ३ वरून साडेतीनवर जातो. म्हणजे इंजेक्टरच्या आतल्या आणि बाहेरच्या दाबातला फरक कायम ३ बारच राहतो. ही नळी जोडायची राहिली तर तो फरक अडीचवर येतो. प्रवाह दाबाच्या वर्गमुळाच्या हिशेबानं चालतो, तेव्हा पेट्रोल साधारण ९ टक्के कमी पडणार, आणि तेही फुल्ल थ्रॉटलला, जिथं इंजिनाला त्याची सगळ्यात जास्त गरज असते. पिस्टनला भोक पडायला एवढं पुरतं.

आता माल. पहिला रेग्युलेटर ऑनलाइन घेतला होता. निळाशार ॲनोडाइज केलेला, सोबत गेज, मीटरभर काळी नळी, चार जुबली क्लिपा, सगळं मिळून २,२०० रुपये. खोक्यावर 'रेसिंग' लिहिलेलं होतं, तेवढ्यावर मी भुलले. कंपनीचं नाव घेत नाही, घेऊनही उपयोग नाही, त्याच वस्तूवर आठ वेगवेगळी नावं छापून विकतात. पहिले दोन महिने झकास चालला. मग आयडलला, म्हणजे इंजिन नुसतं जागेवर चालू असताना, काळा धूर यायला लागला, प्लग काजळीनं माखायला लागले. मी दोन संध्याकाळ लॅपटॉप मांडीवर घेऊन फ्युएल मॅप (कधी किती पेट्रोल द्यायचं याचा ईसीयूतला तक्ता) खाली-खाली ओढत बसले, म्हणजे ताप आलेल्या माणसाचं थर्मामीटर दुरुस्त करत होते. तिसऱ्या दिवशी रेग्युलेटरची व्हॅक्यूमची नळी उपसली तर आतून पेट्रोल ठिबकलं.

पडदा फाटला की हेच होतं. पेट्रोल परतीच्या वाटेनं जायचं सोडून व्हॅक्यूमच्या नळीतून थेट मॅनिफोल्डमध्ये शिरतं. ईसीयूला त्याचा पत्ताही नसतो. तुमच्या गाडीचं आयडल अचानक श्रीमंत झालं असेल, म्हणजे पेट्रोल जास्त पडत असेल, तर लॅपटॉप उघडायच्या आधी ही नळी काढून नुसती हुंगून बघा, दहा सेकंदांचं काम आहे. बाबांनी तो रेग्युलेटर शेगड्यात धरून उघडला. आतला पडदा भिजलेल्या पापडासारखा मऊ पडून फुगला होता. पंपावर आता ई२० पेट्रोल मिळतं. ज्या रबराला इथेनॉल मानवत नाही त्याची हीच गत होणार. सोबत आलेली काळी नळी तर त्याहून थोर. तिच्यावर कुठलंच मानक छापलेलं नव्हतं. इंजेक्शनच्या दाबाला चालणाऱ्या रबरी नळीवर ३०आर९ असं छापलेलं असतं. ३०आर७ ही कार्बोरेटरच्या कमी दाबासाठी. काहीच छापलेलं नसेल तर ती पाण्याला वापरा, झाडांना घाला.

दुसरा रेग्युलेटर ऐरोमोटिव्हचा ए१०००-६. कंपनी अमेरिकेत कॅन्सस राज्यातल्या लेनेक्सा गावची. कस्टम्स धरून २५,००० च्या आसपास गेला. बाबांना मी किंमत सांगितलेली नाही, आणि ते हे वाचणार नाहीत अशी आशा आहे. हातात घेतल्यावर वजनातला फरक लगेच कळतो. बॉडीचे आटे स्वच्छ, कडांना बर (कापताना उरलेली धार) नाही, ॲडजस्टिंग स्क्रूला लॉकनट चांगला घट्ट बसणारा. दोन्ही बाजूंना आत येणारी दोन भोकं, खाली परतीचं एक, आणि गेजसाठी वेगळं बारीक भोक. दोन इनलेट असल्यामुळं एकाला रेल जोडून दुसऱ्याला प्लग मारता येतो.

तक्रारी आहेतच. एवढे पैसे घेऊन खोक्यात एकही फिटिंग नाही, गेजही नाही. ज्याला हे माहीत नसतं तो शनिवारी खोकं उघडतो आणि पुढचे दहा दिवस कुरिअरची वाट बघतो. मी तेच केलं.

बलेनोचा मूळ रेग्युलेटर रेलवरच दोन बोल्टांनी, ओ-रिंगवर बसलेला असतो. तो काढून त्या जागी नळी जोडायला अडॅप्टर लागतो आणि तो आपल्या गाडीचा तयार मिळत नाही. बाबांनी ॲल्युमिनियमच्या बारमधून केला. पहिल्या तुकड्यात ओ-रिंगची खाच जरा खोल गेली, रिंग दबेना, पंप चालू करताच पेट्रोल पाझरलं. दुसरा तुकडा बरोबर आला. मजुरी म्हणून रंकाळ्यावर भेळ. हा अडॅप्टर परगावच्या माणसाला कोण करून देणार माहीत नाही, पण उद्यमनगरासारखी गल्ली प्रत्येक औद्योगिक गावात असते. चित्र काढून घेऊन जा, जुना रेग्युलेटर नमुना म्हणून सोबत न्या, आणि कामाची घाई आहे असं अजिबात म्हणू नका.

तर सगळं जोडलं. व्हॅक्यूमची नळी काढून तिचं तोंड बंद केलं, कारण बेस प्रेशर, म्हणजे रेलचा मूळ दाब, नेहमी ही नळी काढून लावायचं. इंजिन चालू केलं. हवं होतं ४३.५ पीएसआय, म्हणजे ३ बार. काटा ५८ वर. स्क्रू सैल केला, ५८. आणखी सैल केला, ५८. स्क्रू पार मोकळा झाला तरी काटा तिथंच. पंचवीस हजार रुपये डोळ्यांसमोरून गेले. पहिला विचार हाच की खराब माल आला, दुसरा विचार की डुप्लिकेट आला. विक्रेत्याला मोठा मेसेज टाइप करून झाला होता, पाठवायचा बाकी होता. तेवढ्यात बाबांनी ते नदीचं वाक्य टाकलं.

मी पुढची नळी नवीन टाकली होती, रेग्युलेटर नवीन घेतला होता, आणि परतीला मात्र कंपनीचीच जुनी लोखंडी पाइप ठेवली होती. कंजूषपणा, दुसरं काय. गाडीखालून जाणारी ती बारीक पाइप मूळच्या छोट्या पंपाच्या मापाची. पण विचार करा: आयडलला हे इंजिन तासाला जेमतेम लिटरभर पेट्रोल पितं. पंप ताशी २५५ लिटरचा. बाकीचं सगळं त्या बारीक पाइपमधून मागं जायला बघतंय. दार सताड उघडं आहे, पण पुढं पाणी वाहून न्यायला जागाच नाही, म्हणून तुंबतंय. अलमट्टी धरणाच्या फुगवट्यावर दर पावसाळ्यात वाद घालणाऱ्या गावातल्या मुलीला हे सुचू नये! लोकांना वाटतं मोठ्या पंपाची परीक्षा फुल्ल थ्रॉटलला होते. पुढच्या नळीची तेव्हा होते. परतीच्या नळीची परीक्षा आयडलला होते, इंजिन जेव्हा काहीच पीत नसतं तेव्हा.

पटवून घ्यायला बाबांनी साधी चाचणी केली. गाडी उघड्यावर, इंजिन थंड आणि बंद, शेजारी फायर एक्स्टिंग्विशर, वेल्डिंग करणाऱ्या शेजाऱ्याला अर्धा तास चहाला पाठवलं. रेग्युलेटरच्या खालची परत जाणारी नळी लोखंडी पाइपपासून सोडवून पत्र्याच्या डब्यात सोडली, डब्याला गाडीच्या बॉडीशी वायर लावून अर्थिंग केलं, आणि रिलेला जंपर मारून फक्त पंप चालवला. काटा धाडकन खाली आला, स्क्रू फिरवला की फिरायला लागला. एका मिनिटात डब्यात साडेतीन लिटरच्या वर पेट्रोल जमलं. तो मेसेज मी पुसून टाकला. विक्रेत्यानं काहीही पाप केलेलं नव्हतं.

म्हणून या रिव्ह्यूतला महत्त्वाचा माल रेग्युलेटर नाहीच, नळी आहे. मी पीटीएफई घेतली: आत टेफ्लॉन, वर स्टीलची वेणी, त्यावर काळं नायलॉनचं आवरण. रबराच्या आतड्याची स्टील-वेणीची नळी दिसायला तशीच असते आणि स्वस्तही पडते, पण काही महिन्यांत ती पेट्रोल पाझरत नसली तरी वास सोडायला लागते. बंद गॅरेजमध्ये सकाळी दार उघडलं की कळतं. टेफ्लॉनला इथेनॉलनं काही होत नाही. घेताना एक गोष्ट नक्की विचारा, आतला थर काळा, म्हणजे कार्बन घातलेला आहे का. पांढऱ्या टेफ्लॉनमधून पेट्रोल जोरात वाहिलं की स्थिर वीज साठते आणि ठिणगी नळीलाच बारीक भोक पाडू शकते.

मापांचा घोळ बाबांनी एका वाक्यात सोडवला. या फिटिंग्जवर 'डॅश ६', 'डॅश ८' असं लिहिलेलं असतं. डॅशचा आकडा म्हणजे इंचाचे सोळावे भाग. डॅश ६ म्हणजे ६/१६, म्हणजे ३/८ इंच. "म्हणजे तीन सूत की," बाबा म्हणाले. (एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग.) "आणि डॅश ८ म्हणजे चार सूत. एवढ्यासाठी इंग्रजी कशाला?" आयुष्यभर पंपांचे पाइप सुतात मोजलेल्या माणसाला अमेरिकन रेसिंगची मापं पाठ असतात, फक्त त्याला ते माहीत नसतं. टीप एवढीच की पीटीएफईत तीन सूत हे नावापुरतं. आतलं भोक त्याहून थोडं बारीक असतं. माझ्या अर्ध्या बार बूस्टला पुढं आणि मागं दोन्हीकडं डॅश ६ भरपूर झालं.

नळीला फिटिंग चढवणं हा वेगळा तमाशा. कापायच्या जागी टेप घट्ट गुंडाळा, पातळ कटिंग व्हीलनं कापा, हॅक्सॉनं कापाल तर वेणीचा झाडू होतो. मग नट आधी नळीवर सरकवा (मी पहिल्यांदा विसरले), वेणी बाहेर फाकवा, टेफ्लॉन आणि वेणी यांच्या मधे पितळी ऑलिव्ह सरळ बसवा, निपल आत दाबा आणि नट आवळा. वेणीची एक तार तरी बोटात जातेच, रक्ताशिवाय हे काम झालेलं मी बघितलं नाही. ऑलिव्ह एकदाच वापरायचा असतो. फिटिंग उघडलं की नवा घाला, म्हणून चार-पाच जास्तीचे मागवून ठेवा. आणि आत फुंकर मारून, कापताना पडलेला भुगा पूर्ण झटका, नाहीतर तो भुगा इंजेक्टरच्या तोंडाशी जाऊन बसतो.

फिटिंग्ज मी दोन ठिकाणांहून घेतली आणि तिथं एकदा फसले. या डॅशवाल्या, म्हणजे एएन फिटिंगचा उतार ३७ अंशांचा असतो. एसीच्या दुकानातला एक अडॅप्टर आट्याला बरोबर जुळला, पण त्याचा उतार ४५ अंशांचा. हातानं छान बसतो, आवळला की कडेवर एका रेषेत टेकतो आणि गळतो. तुम्ही आणखी आवळता, ॲल्युमिनियम दबतं, आणखी गळतं. दुकानदाराची चूक नाही, मीच उतार न बघता घेतला. दुसरं, या उतारावर आणि ओ-रिंगच्या भोकांवर टेफ्लॉन टेप लावायची नाही. सील धातूनं किंवा ओ-रिंगनं होतं, आट्यांनी नाही. टेपचा तुकडा सुटला की तोही इंजेक्टरकडंच जातो. टेप किंवा सीलंट फक्त गेजच्या निमुळत्या आट्यांना.

गाडीखालची वाट काढायला एक अख्खा रविवार गेला. एक्झॉस्टच्या विरुद्ध बाजूनं, चासीच्या कडेच्या आत, रबर लावलेल्या पी-क्लिपा हातभर अंतराच्या आत-आत, पत्र्यातून जिथं जिथं नळी जाते तिथं ग्रोमेट. पीटीएफई झटक्यात वाकवली की घडी पडते आणि एकदा पडलेली घडी जात नाही, तिथं वाकडं फिटिंग घेतलेलं परवडतं. टाकीच्या आतल्या पंपाच्या तुकड्याला मात्र हे काही चालत नाही. तिथं पेट्रोलमध्ये बुडून राहणारी ३०आर१० नळीच लागते, कारण साध्या नळीला आतून पेट्रोल चालतं, बाहेरून नाही. ती नळी दंडभर लांबीला जी किंमत मागते ती ऐकून मी दुकानातच बसले.

आता आकडे. नवी परतीची नळी जोडल्यावर व्हॅक्यूम काढून बेस ४३.५ वर पहिल्याच झटक्यात लागलं, लॉकनट आवळताना अर्धा पीएसआय सरकलं, परत लावलं. व्हॅक्यूमची नळी परत जोडल्यावर आयडलला ३५ च्या आसपास. बूस्टला ५१ च्या थोडं खाली, म्हणजे हिशेबाला धरून. इंजिन बंद केल्यावर दाब लगेच पडत नाही. ऐरोमोटिव्हच्या रेग्युलेटरचं खरं कौतुक मला इथं वाटलं: आयडलपासून फुल्ल बूस्टपर्यंत लॉगमधली रेघ मॅनिफोल्डच्या रेघेला चिकटून चालते. निळ्यात ती थरथरत मागून यायची. व्हॅक्यूमची नळी मी मॅनिफोल्डच्या पोटातून सरळ आणलीय, ब्रेक बूस्टर किंवा बूस्ट कंट्रोलरच्या नळीत वाटा मागितला नाही.

गेजबद्दल एक. ग्लिसरीन भरलेला गेज इंजिनावर गरम झाला की आतलं द्रव फुगून काटा खोटं बोलायला लागतो, त्यामुळं थंड इंजिनावर लावलेला आकडाच खरा धरा. रोजच्यासाठी मी सेन्सर घातला आणि ईसीयूला जोडला. दाब ठरल्यापेक्षा खाली गेला की बूस्ट कापला जातो. गेज काढून तिथं प्लग.

कुणी घ्यावा? अर्ध्या बारपेक्षा जास्त बूस्ट किंवा मोठा पंप असेल तर घ्या, पण बजेटमध्ये परतीची नळी आणि दोन्ही टोकांची फिटिंग्ज आधी धरा, मग रेग्युलेटर. मूळ पंप आणि मूळ इंजेक्टर असलेल्या गाडीला कंपनीचा रेग्युलेटर उत्तम आहे, निळ्या रंगासाठी तो काढू नका.

निळ्याची स्प्रिंग तेवढी चांगल्या स्टीलची निघाली. बाबांनी ती वर्कशॉपच्या दाराच्या कडीला लावलीय.